खिडकीचा पडदा

दुपारच्या मालिकेचा लेखक दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसला होता. शेजारच्या बाकावर दोघी जावांना बोलायला तीच मालिका सापडली होती.

"ताई, बघता का हल्ली?"

"सोडली. त्या दोन मुलग्यांचं प्रेम जमलं, आणि लगेच एकाला परदेशी धाडलं."

"जमलं कुठे? जरा जवळ आले की कॅमेरा आपला खिडकीच्या पडद्यावर! नक्षी पाठ झाली माझी."

"सासू तीनदा मरून परत येते, ते चालतं. पोरांनी हात धरला की म्हणे प्रेक्षक बिथरतात!"

"आता कोणी बघत नाही, म्हणून चौथ्यांदा मारणार आहेत म्हणे तिला."

"मारा म्हणावं! आमचा धाकटा लेक एरवी खोलीबाहेर येत नाही गं. तेवढ्यापुरता माझ्याशेजारी येऊन बसायचा. ते पोरगं विमानात बसलं, तसा हा उठला. पुन्हा आला नाही बसायला."

"विचारलं नाहीत?"

"विचारणारच होते. त्या दोघांचं एकदा नीट मार्गी लागलं, की."

लेखकाचा फोन वाजला. चॅनेलवाले होते.

"सासूला कधी मारताय?"

"राहू दे तिला. विमान परत आणतोय."

"आणि विमानतळावर ते दोघं भेटले की?"

"तिथे पडदा नाही," लेखक सुजलेल्या गालातून म्हणाला.