पायाळू बायकोच्या सात लाथा

मी लाथ खाल्ली आहे, आणि तीही स्वतःच्या बायकोची. हसा, पण आधी ऐका.

माझी बायको जन्मताना पायांकडून आली, म्हणून ती पायाळू. पायाळूची लाथ लागली की कमरेत भरलेली उसण निघते. मुकुटबनची माणसं सकाळीच येऊन आमच्या अंगणात पालथी पडत. प्रश्न ठरलेले.

"वहिनी, दुखन का?"

"हाड तं नाही मोडणार?"

"किती डाव या लागन?"

ती सांगे, "तीन सकाळी, एकेक लाथ."

मी ओट्यावरून ओरडायचो, "मर्द ना तू? पड गुमान!"

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी, ऐन वेचणीत कापसाचं गाठोडं उचलताना माझीच कंबर धरली. शेत पांढरं झालेलं आणि मला उठता येईना. पण बायकोची लाथ खाऊन गावात तोंड कसं दाखवायचं? दोन दिवस कण्हलो. तिसऱ्या दिवशी दार लावून घेतलं आणि पालथा पडलो.

"दुखन का वं?" मी विचारलं.

"मर्द ना तुमी? पडा गुमान."

"किती डाव?"

"सात."

सात सकाळी लाथ खाल्ली. दर लाथेनंतर ती माझ्या पायाही पडायची. आठव्या दिवशी शेतात निघालो, तेव्हा विचारलं, "लोकाइले तीन, मंग मले सात काहून?"

भाकर थापता थापता ती म्हणाली, "तीन कमरेच्या होत्या. चार माह्या."

माझ्या कोणत्या चार चुकांच्या, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होत्या.