पाहुण्याची हत्यारं

दुभाषी : ...आणि ही?

सुतार : ही पटाशी. तो छोटा रंधा. ह्या तीन बिजागऱ्या, नव्या आहेत, पावतीसुद्धा आहे.

दुभाषी : इमिग्रेशनचे साहेब विचारतायत, बायकोला भेटायला आलेल्या माणसाला रंधा कशाला लागतो?

सुतार : मी सुतार आहे ना, ताई. सांगा त्यांना.

दुभाषी : ते फॉर्मवर आहे. तेच तर त्यांना खटकतंय. तुमचा व्हिसा पाहुण्याचा. पाहुण्याने इथे काम करायचं नसतं.

सुतार : काम कसलं! बायकोच्या खोलीचं दार लागत नाही. भाड्याची खोली, घरात परके भाडेकरू. ती वृद्धाश्रमात नर्स आहे. ड्यूटीवरून येते आणि दाराला खुर्ची टेकवून झोपते. अडीच वर्षं असं चाललंय. चौकटीचं माप मी फोनवर तिच्याकडून घेतलं. दार खाली बसलंय, बिजागरी गेलीय. अर्ध्या तासात होतं.

दुभाषी : तुम्ही बोलाल ते सगळं मला सांगावं लागतं. जरा बेतानं बोला.

सुतार : सांगा की. आणि साहेबांच्या ह्या टेबलाचा पाय हलतोय, तेही... नको. राहू द्या.

दुभाषी : नकोच ते. साहेब म्हणतात, तुम्हाला इथे कायमचं आणायचा अर्ज तुमच्या बायकोने दोन वर्षांपूर्वी केलाय. अजून निकाल नाही. मग तीन आठवड्यांनी तुम्ही परत जालच, हे त्यांनी कशावरून समजायचं?

सुतार : परतीचं तिकीट आहे. तिकडे दुकान आहे, हाताखाली दोन कारागीर आहेत. आई आहे.

दुभाषी : आणि बायको इथे आहे.

सुतार : हे साहेब म्हणाले?

दुभाषी : हो. मी मनाचं काही बोलत नाही.

सुतार : मग मी करू तरी काय, विचारा त्यांना. त्या फायलीसाठी आम्ही लग्नाचे फोटो दिले, फोनची बिलं दिली, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सह्या आणल्या. का, तर आमचा संसार खरा आहे हे पटावं म्हणून. आणि इथे दारात उभं राहून म्हणायचं, छे, बायकोचं मला एवढं काही नाही, एकवीस दिवसांत निघतो. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!

दुभाषी : ती म्हण मला त्यांच्या भाषेत येत नाही. बाकीचं सांगते.

सुतार : काय म्हणाले?

दुभाषी : त्यांनी तुमचा फोन तपासलाय. त्यातला एक मेसेज मला वाचून दाखवायला सांगतायत. 'मालक एकदाचा तयार झाला. घरातली सहाही दारं नीट बसवून दिलीस तर तीन आठवडे तुला माझ्या खोलीत राहू देईल, वरचं भाडं घेणार नाही. हत्यारं आणू नकोस, त्याच्याकडे आहेत.' हा तुमच्या बायकोचा मेसेज?

सुतार : ...हो.

दुभाषी : साहेब म्हणतात, राहायच्या बदल्यात सहा दारं. हे ठरवून केलेलं काम झालं.

सुतार : खोली एकटीसाठीच दिलीय हो तिला. दुसरं माणूस चालत नाही. तिने आपलं गोडीगुलाबीने जमवलं.

दुभाषी : नुसती हत्यारं असती, तर ती इथे ठेवून घेऊन तुम्हाला सोडलं असतं म्हणतात. मेसेजमुळे आता ते शक्य नाही.

सुतार : म्हणजे?

दुभाषी : हा कागद आहे. मी स्वखुशीने परत जात आहे, असं लिहिलंय. सही केलीत तर आज चारच्या विमानाने जाल. नाही केलीत, तर ते तुम्हाला परत पाठवतील, पाच वर्षं बंदी येईल आणि बायकोचा अर्जही फेटाळला जाईल.

सुतार : दोन्हीकडून विमानातच बसायचं की.

दुभाषी : हो. पण सही केलीत तर फाईल जिवंत राहील. लांबणीवर पडेल, एवढंच.

सुतार : किती?

दुभाषी : ते कोणीच सांगत नाही.

सुतार : ती बाहेरच उभी आहे, ताई. सकाळपासून. लांबून नुसतं बघू द्या म्हणावं. काचेतून चालेल.

दुभाषी : नाही म्हणतात. फोन करा, पाच मिनिटं. स्पीकरवर. मी इथेच असेन.

सुतार : ...कुठे करायची सही?

(दुभाषी फोन लावून टेबलावर ठेवते.)

बायको : आलास? मिळाली बॅग? मी तिसऱ्या खांबापाशी आहे, पिवळा स्वेटर. तुझ्या विमानातली सगळी माणसं येऊन गेली रे. अरे, बोल ना!

सुतार : परत पाठवतायत.

बायको : कोणाला?

सुतार : मला. चारच्या विमानाने.

बायको : मस्करी करू नकोस हं, मिस्त्री. मला सहन नाही होणार.

सुतार : मस्करी नाही गं.

बायको : का पण? आपलं सगळं होतं ना, तिकीट, पत्र...

सुतार : बॅगेत हत्यारं सापडली. म्हणाले, हा कामाला आलाय.

बायको : त्या मालकाचा मेसेज? तो वाचला का त्यांनी? मी लिहिलेला? खरं सांग मला.

सुतार : तो मी निघायच्या आधीच पुसला होता.

बायको : नक्की?

सुतार : नक्की. हत्यारंच नडली.

बायको : पण मी लिहिलं होतं तुला, आणू नकोस म्हणून!

सुतार : दुसऱ्याच्या पटाशीवर माझा हात बसत नाही.

बायको : हात बसत नाही! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. दोन वर्षं मी एकेक कागद जमवला. ड्यूटी करून रांगा लावल्या, उभ्याउभ्या झोपायची मी त्या रांगेत. लग्नानंतर आपण किती दिवस एकत्र राहिलोय, आठवतंय? अकरा. माझ्याबरोबरच्या मुली विचारतात, नवरा आहे ना गं नक्की? आणि तू एका पटाशीपायी...

सुतार : चुकलं माझं.

बायको : अर्जाचं काय आता?

सुतार : लांबेल.

बायको : लांबेल म्हणजे? मी एकोणचाळीसची आहे. मूल काय टपालाने होणार आहे आपल्याला?

सुतार : कळतंय मला.

बायको : नाही कळत. कळत असतं तर हात हलवत आला असतास. मी जाते. तीन आठवड्यांची रजा टाकलीय, रद्द होते का बघते.

सुतार : पोहोचलो की फोन...

बायको : आईंना कर. मला काही दिवस करू नकोस. केलास तरी मी उचलणार नाही.

सुतार : अगं...

दुभाषी : ठेवला त्यांनी.

सुतार : हं.

दुभाषी : मला बोलायची परवानगी नाही. साहेब प्रिंट काढायला गेलेत म्हणून विचारते. खरं का नाही सांगितलंत? मेसेज तर तिचाच होता.

सुतार : तिला इथे एकटीला राहायचंय, ताई. माझ्यावर चिडली तर तो राग मी फोनवर घालवीन, महिना लागू दे नाहीतर वर्ष. आपल्याच हाताने सगळं गेलं हे तिला कळलं, तर ती कोणापाशी रडणार? मी तिकडे.

दुभाषी : आणि तुमच्यावरचा राग गेलाच नाही तर?

सुतार : साहेब आले.

दुभाषी : विचारतायत, बायकोशी काय बोललात.

सुतार : सांगा, चूक कबूल केली म्हणून. तेवढंच लिहा म्हणावं.