चिठ्ठ्यांचा डबा

धाकटी : थांब ताई, डब्याला हात लावू नकोस. आधी सगळ्या चिठ्ठ्या वाचू दे मला.

ताई : अगं, वाचायचंय काय त्यात? मुख्याध्यापक खाली ताटकळलेत. डबा द्यायचा, सही करायची आणि नोकरीत कायम व्हायचं. तीन वर्षं जीव टांगणीला लावून बसलीस, आता पाच मिनिटांसाठी कसला घोळ घालतेस?

धाकटी : चौतीस... ही पण तीच. "सगळं कळलं." पस्तीस. "सगळं कळलं, बाई."

ताई : मग बरंच झालं की!

धाकटी : काय बरं झालं? आज वर्गात एकच बेरीज दिली होती. एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. चाळीसपैकी सव्वीस जणांनी दोन सप्तमांश लिहिलं. वरची बेरीज वर, खालची खाली, विषय संपला. आणि तास संपताना चिठ्ठीत काय, तर सगळं कळलं?

ताई : मुलं आहेत. कंटाळली असतील तुझ्या रोजच्या चिठ्ठ्यांना.

धाकटी : जूनपासून एक दिवस कंटाळली नाहीत. नाव घालायचं नाही, "आज काय अडलं" एवढंच लिहायचं. कालपर्यंत काय काय यायचं त्यात! "छेद मोठा झाला की तुकडा लहान का होतो, उलटं पाहिजे ना?" एकाने लिहिलं होतं, "तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता तेव्हा मला काहीच समजत नाही." दुसऱ्या दिवशी मी त्यावरूनच सुरुवात करायचे. कागदाच्या पट्ट्या कापून चौघाचौघांना वाटायच्या, त्यांनीच एकमेकांना समजावायचं. वर्गात नुसता कलकलाट असायचा.

ताई : तो कलकलाट खालच्या मजल्यावर माझ्या वर्गापर्यंत यायचा, बाई. आणि त्या चिठ्ठ्यांनी काय दिवे लावले ते दिसलं ना? मंगळवारी तपासणीला आलेल्या साहेबांनी डबा उघडला, अडल्याच्या एकतीस चिठ्ठ्या मोजल्या आणि अहवालात लिहून टाकलं : चाळीसपैकी एकतीस मुलांना विषय समजलेला नाही.

धाकटी : पहिल्या दिवसाच्या चिठ्ठ्या होत्या त्या! अपूर्णांक नुकते सुरू केलेले. मी हातापाया पडून सांगत होते, साहेब, हा निकाल नाही, उद्या कुठून शिकवायचं ते यावरून ठरवते मी. तर म्हणतात, "म्हणजे आज शिकवलंच नाहीत." आणि आपले मुख्याध्यापक शेजारी मान डोलावतायत. मला या चिठ्ठ्यांच्या पद्धतीच्या प्रशिक्षणाला पाठवलं कोणी? त्यांनीच ना? माझं प्रमाणपत्र फ्रेम करून ऑफिसात लावलंय त्यांनी!

ताई : फ्रेम भिंतीसाठी असते, वर्गासाठी नसते. चोवीस वर्षांत मला एवढं तरी कळलंय.

धाकटी : हो, तुझ्या वर्गात "समजलं का" विचारलं की चाळीस अंगठे एकदम वर जातात. कवायतीसारखे.

ताई : जातात. आणि माझी नोकरी आहे. दोन शाळांनी काढलं तुला. इथे कोणाच्या शब्दावर लागलीस? त्याच दिवशी साहेब म्हणाले, शुक्रवारचा डबा बघू आणि मग ठरवू. काल रात्रभर आईचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, माहितीये? तू मात्र पट्ट्या कापत बसली होतीस.

धाकटी : अडतीस. एकोणचाळीस. ताई, ही बघ. हे अक्षर मी झोपेतही ओळखेन. खिडकीजवळची आमची "पण का".

ताई : कोण?

धाकटी : सारखं "पण का, पण का" करते म्हणून मुलांनीच ठेवलंय नाव. आज तिने हात वर केला होता. म्हणाली, बाई, दोन सप्तमांश तर एक तृतीयांशापेक्षा लहान आहे, मिळवल्यावर कमी कसं झालं? अख्ख्या वर्गात हे एकटीला दिसलं! मी म्हटलं, शाब्बास, चिठ्ठीत लिही, उद्या इथूनच सुरू करू. आणि तिने काय लिहिलंय? "सगळं कळलं." वर खाडाखोड आहे. उजेडाकडे धरलं की खालचं वाचता येतं. "पण का..." एवढं लिहून खोडलंय.

ताई : दे इकडे. उशीर होतोय.

धाकटी : हे कोणीतरी सांगितल्याशिवाय होत नाही. तासाच्या आधी, मधल्या सुट्टीत माझ्या वर्गात कोण गेलं होतं?

ताई : मी गेले होते. बघू नकोस अशी. कोणीतरी जायलाच हवं होतं.

धाकटी : धाक घातलास?

ताई : छे गं. तुझ्या मुलांना धाक घालून काही होतं का? ती तर मलाच विचारायला लागली, का म्हणून. मग खरं ते सांगितलं. म्हटलं, अडलं म्हणून लिहिलंत तर तुमच्या बाई जातील.

धाकटी : असं सांगितलंस?

ताई : तुझी ती खिडकीजवळची तर रडायलाच लागली. मंगळवारपासून मलाही झोप नाही, तुला काय वाटतं? वाईट वाटलंच मला. पण तुला तोंडघशी पडताना तिसऱ्यांदा नाही बघवणार.

धाकटी : सहा महिने लागले मला. "मला येत नाही" म्हणायची भीती त्यांच्या मनातून काढायला पूर्ण सहा महिने. तू एका मधल्या सुट्टीत परत घातलीस.

(दारावर टकटक.)

मुख्याध्यापक : काय बाई, चिठ्ठ्या मोजून झाल्या की नाही? साहेबांचा फोन येऊन गेला.

ताई : झाल्या, सर. चाळीसच्या चाळीस. सगळं कळलं.

मुख्याध्यापक : वा! चार दिवसांत एवढी सुधारणा! बघा, मन लावलं की होतं. सोमवारच्या सभेत या डब्याबद्दल सगळ्या शिक्षकांना सांगा. प्रत्येक वर्गात एकेक ठेवू. बाई, तुमच्या तोंडून ऐकू द्या, डबा पाठवू ना साहेबांकडे?

ताई : बोल ना गं.

मुख्याध्यापक : बाई?

धाकटी : ...पाठवा, सर.

मुख्याध्यापक : उत्तम. या मग सहीला.

ताई : गेले. हुश्श. चल, डोळे पूस. आईला फोन करू आधी. ... काय शोधतेस?

धाकटी : काही नाही. उद्यासाठी पट्ट्या कापल्या होत्या. बारा-बारा भागांच्या, चाळीस.

ताई : मग ने की वर्गात. कोणी अडवलंय?

धाकटी : कशाला? उद्या पुढचा धडा. मुलांना सगळं कळलंय.