गोधडीवरचा मार

स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण खणकन फरशीवर पडलं. दुपारचं निजलेलं घर क्षणभर दचकलं आणि सात वर्षांच्या गुलाबने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. "झाकण होतं माय, नुसतं झाकण," असं शकुंतला म्हणते न म्हणते तोच बैठकीतला फोन वाजू लागला. पोरीला अंगणात चिंचा फोडायला बसवून ती धावली. नवऱ्याच्या कापसाच्या धंद्यासाठी आलेल्या त्या काळ्या यंत्राला तिने आजवर फक्त पुसलं होतं.

"हॅलो?… हो, वर्धा. हो, प्रभाकररावांचंच घर… नागपूरचा ट्रंककॉल? द्या, द्या ना… हॅलो! ताई, तूच ना व?… मोठ्यानं बोल… हो, मी शकुंतला…

"नाई, कोणी नाई. हे जिनिंगवर गेले. सासूबाई बाळूले घेऊन केळझरले गणपतीच्या दर्शनाले गेल्या, संध्याकाळच्या मोटरीनं येतीन… माहं कार्ड भेटलं?… हो, मीच लिहिलं. रविवारी येऊन गुलाबले घेऊन जा… दोन दिवसांसाठी नाई, ताई. कायमची… अवं, ऐक ना. ऐकून तं घे…

"बिमार नाई. मास्तर आलते घरी. मागच्या साली वीसपर्यंत पाढे म्हणे पोरगी, आता साताशीच अडकते. मास्तरनं फळा पुसाले हात वर केला, तं ही बाकाखाली… हो, बाकाखाली. सगळा वर्ग हसला. तवापासून शाळाच बंद केली यायनं…

"कोण मारते म्हंजे?… नाई, यायनं नाई… अवं, नाई म्हटलं ना… मी. मी मारते तिले."

शकुंतलेने फोनच्या वायरीला एक पीळ घातला, मग दुसरा.

"हॅलो? आहे ना तू?… शिव्या दे, पण रविवारी आल्यावर देजो. आता वेळ नाई… तीन मिनिटं झाली म्हणते का एक्सचेंजवाली बाई? वाढवून घे, ताई, वाढवून घे…

"सांगते. बाळूच्या दुधावरची साय हिनं खाल्ली, नाई तं त्याले उलटून बोलली, का हे आत येतात. पहिला सवाल मले, 'हेच वळण लावलं का पोरीले?' अन् पहिली थापड बी मलेच… हो, पहिल्यापासून. तुले काय सांगू?… मंग दुसरी तिले. त्यायचा हात भारी आहे व. एकदा चार दिवस कान सुजला होता तिचा. मंग मी म्हटलं, आपणच आधी मारावं. आतून आवाज आला का ते उठत नाईत. 'लागून राह्यलं वळण,' म्हणतात अन् पानाचा डबा उघडतात.

"आधी खोटंच मारे मी. गोधडीवर धपाधप, अन् तिले सांगे, रड. अशी रडे पोट्टी! नाटकवाल्यायनं उचलून नेली असती… हो ना… अन् एक दिवस तिलेच हसू फुटलं. खदाखदा. अन् हे दारात उभे…"

तिने पदराचं टोक दातांखाली धरलं, सोडलं.

"त्या दिवसापासून ते दारातच उभे राह्यतात. पाहतात. मंग खरंच मारा लागते… हलकं कसं मारू? हलकं मारलं का म्हणतात, सरक… अन् सांगू, ताई? परवा हे घरी बी नव्हते. तिच्या हातून तूप सांडलं अन् माहा हात उठला. आपल्या आपण. चार बोटं उमटली पाठीवर. कोणी पाहत नव्हतं व… म्हणून कार्ड लिहिलं.

"बाळू? त्याले कोण बोट लावते! चार वर्षांचा आहे, आजीच्या मांडीवर बसून म्हणते, 'आई, हिले वळण लाव.' अन् सगळे कौतुकानं हसतात…

"इचारलं ना त्यायले. तुह्याजवळ ठेवून शाळेत घालू म्हटलं असतं तं नाईच म्हणाले असते. मी म्हटलं, ताईचे गुडघे दुखतात, हाताखाली पोरगी पाहिजे. लगेच हो. दुसऱ्याच्या घरी राबली का नीट होईन म्हणतात… हो, गुडघे! रविवारी लंगडत येजो बाई. स्टेशनपासूनच लंगडजो…

"अन् ऐक. तिच्याजवळ हात वर करशीन तं आधी सांगत जाजो. फळीवरचा डबा काढते म्हणजो, वेणी घालून देते म्हणजो. काही सांडलं तं आधी तू हसजो. पहिले काही दिवस ती वाटच पाहीन, तू केव्हा मारते म्हणून… मी? मी कशी येऊ? बाळू आहे… माहं काय… माहं जाऊ दे… ताई, तसं नोको इचारू… हो बाई, माहीत आहे वेळ झाला, बोलून राह्यलो ना आम्ही… हॅलो? ताई?… हॅलो…"

फोनमध्ये नुसती घरघर उरली. रिसीव्हर ठेवून शकुंतला मागे फिरली तर गुलाब चौकटीला टेकून उभी होती, बोटं चिंचेने बरबटलेली. केव्हापासून, कोण जाणे.

"मी मावशीकडे जाऊन राह्यली?"

"हो, माय. रविवारी."

गुलाबने जरा विचार केला. बाप यायला अजून अवकाश होता, तरी तिने आवाज खाली आणला.

"मंग आई, बाबा दारात उभे राह्यतीन तवा तू कोणाले मारशीन?"