मांडा पडेपर्यंत

नाही आबा, चित्रात नाही, चित्रं सरळच आहेत, फूटपट्टी लावून बघा हवं तर — मला पहिल्यांदा खटकली ती एक थांबायची जागा. पियानोतली. तिसऱ्या ओळीत सूर वर चढतो, चढतो, आणि मधेच गप्प. दीड सेकंद. मी मोजलंय — व्हिडिओ कापायचं-जोडायचं काम माझं, दीड सेकंद किती ते मला डोळे मिटून कळतं. मग पुन्हा सुरू. आता कुठला माणूस आपण होऊन तिथे थांबेल? बसा ना तुम्ही, ही खुर्ची घ्या. कार्यक्रम पाचला आहे, वेळ आहे अजून. मी आपली एक फोन लावत बसलेय, सारखी रिंग जाते आणि उचलत नाही कुणी. नशिराबादहून आलात? एवढ्या उन्हात? पेपरात वाचून? अरे देवा.

तर ती जागा. योगेंद्र सर तिच्याबद्दल काय सांगतात माहितीये? — हो, सगळं त्यांचंच, भिंतीवरचे चौकोन त्यांचे, आतला पियानो त्यांचा, हे गोदामसुद्धा, वडिलांच्या डाळमिलचं, एसी लावला तरी तुरीचा वास जात नाही बघा — आणि तुम्ही मोबाईलवर बघता ती भाषणंही त्यांचीच. ‘माझं ते माझं’. मीच करते ते व्हिडिओ, खाली अक्षरं मीच टाकते. सरकारनं चोर पकडावेत, बाकी कुणाच्या वाटेला जाऊ नये. माणसाच्या कष्टावर त्या माणसाचाच हक्क, न विचारता घेतलं की ती चोरी — मग घेणारा पाकीटमार असो की सरकार. दीडशे भाग झाले, म्हणजे दीडशे वेळा ऐकलंय मी, आणि खरं सांगू, मला पटायचं. तर त्या जागेबद्दल सर म्हणतात, “इथे शासन संपतं आणि माणूस सुरू होतो.” आणि लोक माना डोलावतात हो! मागच्या आठवड्यात तालमीला ते ऐकलं आणि मला सरांची किळसच आली, बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. कारण तिथे शासनबिसन काही संपत नाही. तिथे मांडा पडतो.

मांडा! चुलीवरच्या उलट्या खापरावरचा. तुम्हाला काय सांगायचं, तुमच्या घरी होत असतील. माझी मावशी, वच्छलाबाई, धुळ्याच्या अलीकडे असते — लग्नकार्य निघालं की चार गावं तिला मांड्यांना बोलावतात. पुरण भरलेली पोळी हातावर फिरवत, फिरवत, पार कोपरापर्यंत नेते, आणि तोंडानं गाणं चालू. स्वतः रचलेलं हां, इकडूनतिकडून उचललेलं नाही. आणि मांडा खापरावर टाकायची वेळ आली की श्वास धरते — “बोलू नको वं, फाटी जाई.” मांडा पडला की गाणं पुढे. समोर चूल नसली, नुसती खाटेवर बसून गायली, तरी तिथे थांबतेच, हाताला सवय तशी गळ्याला. आता कळलं? एवढा पांढराशुभ्र सदरा घालून हा माणूस पियानोवर मांडा टाकतोय आणि त्याला पत्ताच नाही!

अगं बाई! — शटर होय. दचकलेच मी. माझं असंच आहे, कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धस्स होतं. म्हणून तर ही चित्रं आवडायची मला, खोटं कशाला बोलू. त्यातून काही अंगावर येत नाही. राखाडी चौकोन, पिवळा चौकोन, मधे पांढरी रेघ. रेघ सरळ यावी म्हणून चिकटपट्टी लावायची आणि रंग सुकला की ओढून काढायची — ती मी काढायचे. सर म्हणायचे, “ज्योत्स्ना, तुझा हात हलका आहे,” की मी दिवसभर खूश. आता त्याच चौकोनांची शिसारी येते. इतकं स्वच्छ, इतकं स्वच्छ, कुठे बोटाचा ठसा म्हणून नाही.

गाणं त्यांच्याकडे कसं आलं? — सांगते ना. थांबा, परत लावते. वाजतोय. आज गावात कुणाचं तरी लग्न आहे, हात पुरणात असतील, फोन पडलेला कुठेतरी फडताळात — नाहीच उचलत. तर मी सरांना विचारलं काल. एवढं तोंड उघडायला मला आठ दिवस लागले. म्हटलं, सर, ही चाल माझ्या मावशीची आहे. चिडले असते तर बरं झालं असतं. हसले! आणि व्हिडिओत समजावतात तसंच शांतपणे समजावलं. “हे बघ, बिनमालकीच्या पडीक जमिनीत जो घाम गाळतो, त्याची ती होते. चाल बिनमालकीची होती, मी तिच्यात कष्ट घातले, माझी झाली. मालकीण असेल तर उद्या पाचच्या आत तिच्याच तोंडून फोनवर मला ऐकव, माझी आहे म्हणून. स्टेजवर नाव घेईन तिचं. नाहीतर कार्डावर आहे तेच.” हे ते कार्ड. ‘मूळ पियानोरचना : योगेंद्र.’ टाइप कुणी केलं? मीच केलं. आणि मी दारापर्यंत गेले तर मागून म्हणतात, “बिनमालकीची आहे हे मला सांगितलं कुणी, ज्योत्स्ना?”

काय बघताय असे? मी सांगितलं. मीच. दिवाळीत घरून रेकॉर्ड करून आणलं, म्हटलं सर ऐका ना, आमच्याकडे असं गातात. आवडलं त्यांना. विचारलं, कुणाचं आहे? साधा प्रश्न. पण शेजारी इथली दुसरी मुलगी बसलेली, पुण्याहून शिकून आलेली, आणि मी म्हटलं — “कुणाचं नाही सर, बाया म्हणतात अशाच.” अशाच! माझी मावशी म्हणाले असते तर जीभ झडली असती का माझी?

आणि — तुम्हाला कशाला सांगतेय मी हे, ओळख ना पाळख — देण्याआधी त्या गाण्याची पहिली ओळ मी कापली. सफाईनं कापली, तिथे काही होतं हे कुणाला कळायचंही नाही. “मनी ज्योती चालनी जळगावले.” ज्योती म्हणजे मी, तिची ज्योती. मी कॉलेजला निघाले त्या सकाळी रचलेलं तिनं, खापरापुढे बसून. मी पिशवी घेऊन दारात उभी, बस चुकेल म्हणून चिडचिड करतेय, आणि ती गातेय. मला लाज वाटली आबा. ज्योती चालनी म्हणे! हसतील सगळे. म्हणून मालकाची खूण पुसून मग दिली मी. सरांची किळस येते, किळस येते म्हणून मघापासून तुमच्या कानाशी लागलेय, आणि हात मात्र माझेच पुसतेय — बघा, रुमाल भिजला सगळा.

पावणेपाच झाले. आतून बोलावतील आता. नऊ वेळा लावला, हा दहावा वाजतोय. उचलला तर काय सांगू? मावशी, गाणं माझं आहे असं म्हण — तर ती विचारणारच, “कोन म्हनस, मनं नही?” मग? सांगू, की तुझं नाही असं मीच म्हणाले? न उचललेलंच बरं, असंही वाटतं मधूनच. वाटतं हो. पियानो वाजेल, टाळ्या पडतील, मी इथे बसून पाहुण्यांच्या सह्या घेईन, ‘अप्रतिम’, ‘फार छान’, खाली तारीख. आणि तिला कधी कळणारही — तुम्ही सही केलीत का? ही वही, इथे, नाव आणि गाव —

थांबा. रिंग थांबली. उचलला. आबा, तुम्ही जा आत. जा ना, पुढच्या खुर्च्या भरतील, जा. — हॅलो? मावशी? — हां. हां, वाजत होता, मीच लावत होते. — अगं कोण काय — मी वं. तुनी ज्योती.