जवाईबुवांवर केस

दुर्गच्या लोक अदालतीबाहेर पंजाबराव बाकावर बसले होते. बायको गेल्यापासून त्यांच्याशी कोणी भांडत नव्हतं, म्हणून ते शेजारच्या भांडणाकडे जरा सरकले. चरोद्याचे हेमराज आणि त्यांची बायको रंभाबाई वकिलाशिवाय बोलायची तालीम करत होते. ज्याच्यावर केस होती, तो जावई बाजूलाच त्यांच्या डब्यातली पुरी खात होता. तालमीत जज झाल्या होत्या रंभाबाई.

"मी जज हावो. बोला, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे आलमारीतून कोनं चोरले?"

"साहेब, आमच्या जवाईबुवांनी... नेले."

"नेले नाई, चोरले म्हना!"

"जवायाले चोर कसा म्हनू वं? तूच म्हन."

"मी सासू हावो. मले शोभते का?"

"मंग केस कावून केली?"

"तुमाले दिसून नाई राहिलं म्हनून! जवाईबुवा, अजून एक पुरी घ्या."

"बस झालं, मामीजी."

"कोर्टात उपाशी नका जाऊ. हं, बोला. कोनं?"

"साहेब, पैसे आपल्या मनानं जवाईबुवांच्या खिशात गेले."

तेवढ्यात आतून पुकारा झाला. जावयाने हात पुसले.

"मामाजी, राहू द्या. मीच सांगतो का मी चोरले. हप्त्यानं परत देतो."

"पाहा वं! किती गुनाचा जवाई भेटला आपल्याले!"

"सांगा जवाईबुवा. पन खुर्ची मागून घ्या, उभ्यानं पाय दुखतीन."