डोळ्यातलं ठिबक

औरंगपुऱ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी माझी रांजणवाडी घेऊन बसलो होतो. शेजारी लासूर स्टेशनचं एक जोडपं होतं. नवऱ्याच्या एका बुबुळाला जखम झाली होती आणि रविवारी मुलीचं, सावनीचं, लग्न होतं. थेंब घालायचे की औषधाचा पापुद्रा बसवायचा, हे डॉक्टरांनी दोघांना बाहेर बसून ठरवायला सांगितलं होतं.

“अहो, पापुद्राच बसवून घ्या. पापणीखाली राहतो अन् औषध हळूहळू सोडतो.”

“म्हंजी डोळ्यात ठिबक.”

“व्हय. थेंबाचं औषध रडलं की वाहून जातं म्हणले डॉक्टर. नजर जाईल अशानं.”

“मग थेंबच बरे. मी कुठं रडणार हाय?”

“गाय चारा छावणीत सोडली तव्हा कोण रडलं?”

“ती मुकी जात. सावनी काय मुकी नाय. रोज फोन करंल.”

“गाय तर पाऊस पडल्यावर परत येणार होती.”

दोघांनी थोडा वेळ भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचला.

“सावनी पण येईल की. दिवाळीला.”

“येईल की. पाहुणी म्हणून.”

नवऱ्यानं मान खाली घालून खिशातला रुमाल काढला.

“अहो, इथंच सुरू झालात व्हय?”

“रडत नाय मी. जखमंचं पाणी हाय ते.”

“जखम डाव्या डोळ्याला हाय. पाणी उजव्यातून येतंय.”

“बरं. सांग जा डॉक्टरला, बसवा म्हणावं पापुद्रा. रविवारी एका डोळ्यानं भागायचं नाय.”